किचकटपणा मोजताना : कृष्णविवर प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी २०२६

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, कॉलेजात तासभराचं मराठी व्याख्यान आणि बाहेर व्हरांड्यात एक पोस्टर असं कबूल करून बसलो आहे. विषय मीच सुचवला: क्वांटम जटिलतेवरून कृष्णविवराचं विचित्र वागणं समजतं का. सुचवताना सोपा वाटला होता. मागच्या वर्षी कुठला आकडा कुठून आणला हे शेवटच्या आठवड्यात आठवेना, म्हणून या खेपेला वही घातली आहे.

नुसती बडबड करायची नाही, असं ठरवलंय. लॅपटॉपवर १२ क्युबिटचं (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट) खेळण्यातलं कृष्णविवर करायचं आणि त्याचे आलेख पोस्टरवर लावायचे. १२च का, तर एक क्युबिट वाढला की मेमरी दुप्पट लागते. १२ ला ४,०९६ संमिश्र संख्या, म्हणजे ६४ किलोबाइट. ३० ला १६ जीबी, आणि माझ्या लॅपटॉपात ८ आहे.

७ जानेवारी

आकड्यांचं पान. सूर्याएवढं वस्तुमान असलेलं कृष्णविवर धरतो, कारण विद्यार्थ्यांना सूर्य माहीत आहे.

त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. कृष्णविवर प्रारण सोडत हळूहळू आटतं, हे दाखवणाऱ्या हॉकिंगच्या १९७४ च्या हिशेबानं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा एक कोट्यंशही नाही (विश्वातलं सूक्ष्मलहरी प्रारण २.७ केल्व्हिनचं, म्हणजे आज असं कृष्णविवर आटण्याऐवजी गिळतच बसेल). आटून संपायला १ वर ६७ शून्यं एवढी वर्षं. एन्ट्रॉपी (विसकटलेपणाचं माप), बेकेनस्टाइनच्या क्षितिजाच्या (जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही ती सीमा) क्षेत्रफळाच्या नियमानं, १ वर ७७ शून्यं. क्षेत्रफळ, घनफळ नव्हे. वर्गात दरवर्षी याच वाक्याला पोरं मान वर करतात.

गंमत म्हणून: ५२ पत्त्यांचे वेगवेगळे क्रम ८ वर ६७ शून्यं. वर्षांच्या आकड्याच्या शेजारी हे ठेवलं तर लोक दोन्ही विसरणार नाहीत. पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हेही सांगावं लागेल. ठेवू की नको?

८ जानेवारी

नको.

११ जानेवारी

शब्दांनी दिवस खाल्ला. एन्टँगलमेंटला (दोन क्वांटम गोष्टी अशा जोडल्या जाणं की एकीचं वर्णन दुसरीशिवाय पुरं होत नाही) मराठीत काय म्हणू? ‘गुंतवणूक’ म्हटलं की म्युच्युअल फंड डोळ्यांपुढे येतो. ‘गुंतागुंत’ म्हणावं तर तीच कॉम्प्लेक्सिटीला लागते, आणि या प्रकल्पाचा सगळा मुद्दाच असा की या दोन गोष्टी एक नाहीत. शेवटी एन्टँगलमेंट म्हणजे ‘गुंफण’, आणि कॉम्प्लेक्सिटी म्हणजे ‘जटिलता’, पाठ्यपुस्तकात चालेल अशी.

बारावीची एक मुलगी स्टाफरूममध्ये वही द्यायला आली होती, तिला दोन्ही शब्द ऐकवले. म्हणाली, “सर, जटिलता म्हटलं की जटा आठवतात. किचकटपणा म्हणा ना.”

तिचं बरोबर आहे. अवघड आणि किचकट यात आपण फरक करतो. अवघड गणिताला युक्ती लागते. किचकट गणितात युक्ती ठाऊक असूनही पायऱ्याच इतक्या की पान भरतं. क्वांटम जटिलतेची व्याख्या नेमकी ही दुसरी आहे: सगळे क्युबिट शून्यावर असलेल्या साध्या स्थितीपासून हव्या त्या स्थितीला पोचायला कमीत कमी किती गेट (एक-दोन क्युबिटांवरच्या छोट्या क्रिया) लागतात. कमीत कमी किती पायऱ्या. पोस्टरवर ‘किचकटपणा’च लिहिणार.

१५ जानेवारी

कोड सुरू. रचना विटांच्या भिंतीसारखी: पहिल्या थरात १-२, ३-४, ५-६ अशा जोड्यांवर यादृच्छिक गेट, दुसऱ्या थरात २-३, ४-५ वगैरे. एका थरात ६ गेट, पुढच्यात ५. प्रत्येक थरानंतर अर्ध्या क्युबिटांची उरलेल्या अर्ध्यांशी किती गुंफण झाली, ते मोजायचं.

भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज यांनी १९९३ मध्ये काढलेल्या सूत्रानुसार, पूर्ण पिसलेल्या १२ क्युबिटांत अर्ध्या भागाची सरासरी गुंफण ५.२८ बिट यायला हवी. माझी ३.६६ वर अडकली. दोन तास गेट तपासले, थर वाढवले, पंखा घरघरायला लागला. काही फरक नाही.

१६ जानेवारी

सकाळी चहा घेताना लक्षात आलं. ५.२८ गुणिले ०.६९३ बरोबर ३.६६. मी नैसर्गिक लॉगरिदम घेतला होता, दोन पायाचा नाही. कोड पहिल्यापासून बरोबर होता, एकक चुकलं होतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत याच चुकीला मी अर्धा गुण कापतो.

दुसरी चूक मात्र खरी निघाली. यादृच्छिक युनिटरी (गेटचं गणितातलं रूप) काढण्यासाठी संमिश्र संख्यांचा यादृच्छिक चौकोन घेऊन त्याचं क्यूआर विघटन करतात. पण तेवढ्यावर थांबलं तर वाटप समान होत नाही, कर्णावरच्या संख्यांची कला (फेज) काढून टाकावी लागते. ती ओळ घातली. आलेखात डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही, पण आता झोप लागेल.

१९ जानेवारी

पहिला पोस्टरयोग्य आलेख. गुंफण सरळ चढते, वीसेक थरांत ५.२८ च्या आसपास येते आणि मग सपाट. त्यानंतर कितीही थर द्या, रेषा हलत नाही.

दुसराही आज झाला. पूर्ण पिसलेली स्थिती घेऊन ‘बाहेर पडलेले’ (आटून प्रारण झालेले) क्युबिट एक-एक वाढवत त्यांची उरलेल्यांशी गुंफण मोजत गेलो: १ ला ०.९९९, ३ ला २.९९, ६ ला ५.२८, आणि मग तसंच उतरत ११ ला परत ०.९९९. डोंगर. हाच पेजचा वक्र. कृष्णविवर अर्धं आटेपर्यंत बाहेरचं प्रारण नुसत्या उष्णतेसारखं दिसतं, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. निम्मं झालं की पुढचा प्रत्येक कण आधीच्या प्रारणाशी गुंफलेला निघतो आणि माहिती बाहेर यायला लागते. १९७६ मध्ये हॉकिंग म्हणाले होते माहिती नष्ट होते, म्हणजे हा वक्र खाली येतच नाही. २०१९ मध्ये पेनिंग्टन, आणि वेगळ्या गटात अल्मैरी, एंगेलहार्ट, मॅरॉल्फ आणि मॅक्सफील्ड, यांनी गुरुत्वाकर्षणाच्याच गणितातून तो खाली येताना दाखवला.

माझ्या लॅपटॉपवर तो खाली येणारच होता, कारण मी क्वांटमचे नियम आधीच गृहीत धरले आहेत. हे व्याख्यानात प्रामाणिकपणे सांगायचं. खेळण्यातल्या कृष्णविवरानं काही सिद्ध होत नाही.

२३ जानेवारी

आता मुख्य भाग. कृष्णविवर बाहेरून झटक्यात शांत होतं. त्याला धक्का दिला तर ते घंटेसारखं वाजतं आणि आवाज विरतो. हे वाजणं १९७० मध्ये पहिल्यांदा गणितात पाहिलं ते सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी, बंगळुरूचा माणूस. सूर्याएवढ्या कृष्णविवराला यासाठी मिलिसेकंदाचा लहानसा भाग पुरतो. आत पडलेली माहिती क्षितिजभर पिसली जायलाही साडेतीन मिलिसेकंद पुरेत (चार जीएम भागिले सी घन, गुणिले एन्ट्रॉपीचा लॉगरिदम. हाताने केलं, दोनदा). त्यानंतर बाहेरच्यासाठी गोष्ट संपली. काही बदलत नाही.

आत मात्र बदल चालूच असतो. क्रिस्तोडूलू आणि रोवेल्ली यांनी २०१४ मध्ये आतल्या जागेचं घनफळ मोजायची एक पद्धत दिली. क्षितिजाच्या आत जास्तीत जास्त मोठी अशी जी अवकाशाची काप बसते, तिचं घनफळ घ्यायचं. ते काळाबरोबर सरळ रेषेत वाढत जातं. त्यांच्या सूत्रात सूर्याचं वस्तुमान घालून पाहिलं: दर वर्षी ३४ वर १३ शून्यं एवढे घन किलोमीटर. पृथ्वीचं घनफळ १०८ वर १० शून्यं.

म्हणजे बाहेरून ३ किलोमीटर त्रिज्येचं, साधा गोळा धरला तर जेमतेम ११० घन किलोमीटरचं हे प्रकरण, आणि आत दर वर्षी सुमारे ३०० पृथ्व्या मावतील एवढी नवी जागा. रात्री साडेअकरा वाजता हा आकडा आला. एकक तपासलं (१६ तारखेपासून सवय लागली आहे). बरोबर आहे.

२५ जानेवारी

भौतिकशास्त्रज्ञ लिओनार्ड ससकिंड यांनी नेमकं इथेच बोट ठेवून प्रश्न विचारला. माल्दासेना यांच्या १९९७ च्या द्वैतानुसार कृष्णविवराचं सगळं वर्णन, एका खास तऱ्हेच्या अवकाशात का होईना, त्या अवकाशाच्या सीमेवरच्या साध्या क्वांटम प्रणालीत करता येतं, जिच्यात गुरुत्वाकर्षण नाही. मग आत जी जागा वाढत राहते, तिच्या बदल्यात सीमेवर काय वाढतं? तापमान, ऊर्जा, गुंफण, एन्ट्रॉपी सगळं केव्हाच सपाट झालेलं. माझ्या १९ तारखेच्या आलेखासारखं.

त्यांचं उत्तर २०१४ च्या सुमाराचं: किचकटपणा. गुंफण मिलिसेकंदांत भरते, पण स्थिती बांधायला लागणाऱ्या पायऱ्या वाढत राहतात, काटा न थांबता, सरळ रेषेत. आतली जागा म्हणजे त्या पायऱ्यांची बेरीज. त्यांनी आणि स्टॅनफर्ड यांनी ‘किचकटपणा म्हणजे घनफळ’ असं मांडलं. पुढच्या वर्षी ब्राउन आणि इतरांबरोबर ‘किचकटपणा म्हणजे क्रिया’, ॲक्शन नावाच्या भौतिकशास्त्रातल्या राशीच्या अर्थानं.

पहिल्यांदा वाचताना हे शब्दांचं जुळवणं वाटलं होतं. आज नाही वाटलं, कारण काल रात्रीच मी सपाट रेषेसमोर बसून विचार करत होतो की इथून पुढे लॅपटॉप नेमकं करतोय तरी काय.

१ फेब्रुवारी, रविवार

भाचा आला होता, सातवीतला, हातात रुबिक क्यूब. मी त्याला म्हटलं, आता मी सहा किंवा साठ वेळा फिरवतो, किती वेळा ते तू बघून सांग. त्यानं सांगितलं, “मामा, सहा वेळा आणि साठ वेळा, दोन्ही सारखंच दिसतं रे. पण सहाचा असेल तर सोडवायला सहाच चाली लागतील. मला त्या सापडणार नाहीत, ते वेगळं.”

हेच माझं अख्खं व्याख्यान आहे. विसकटलेला दिसणं (एन्ट्रॉपी) आणि तिथे पोचायचा सगळ्यात छोटा रस्ता (किचकटपणा) या दोन वेगळ्या गोष्टी.

पण क्यूबचं उदाहरण पुढे तुटतं, आणि कुठे तुटतं हे पाहण्यासारखं आहे. क्यूबच्या एकूण स्थिती सुमारे ४३ वर १८ शून्यं. प्रत्येक वेळी १८ चाली शक्य. १८ चा १५वा घात याहून लहान, म्हणजे काही स्थितींना किमान १६ चाली लागणारच. खरं उत्तर २०, ते २०१० मध्ये संगणकांनी पक्कं केलं. म्हणजे स्थिती अवाढव्य, पण छत अगदी खाली, विसावर. साठ वेळा फिरवून भाच्याला फसवता येतं ते त्यामुळेच.

क्वांटममध्ये छत आकाशात आहे. १२ क्युबिटांची स्थिती सांगायला ४,०९६ संमिश्र संख्या लागतात, आणि प्रत्येकीला अखंड किंमत घेता येते. एकमेकींपासून ओळखता येतील अशा स्थितींची संख्याच दोनाच्या घाताच्या घातात जाते. म्हणून त्यांच्यापर्यंत पोचायच्या पायऱ्या दोनाच्या घातात. क्युबिट दुप्पट केले तर छत दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो.

भाच्याला हे सांगितलं नाही. तो पोहे खात होता.

४ फेब्रुवारी

गाढवपणा नोंदवून ठेवतो. पोस्टरसाठी मी २० थर आणि २,००० थर अशा दोन स्थिती शेजारी ठेवल्या होत्या, खाली ओळ: ‘दिसायला सारख्या, पण दुसरी शंभर पट किचकट.’ कॉलेजात मला गणित शिकवणारे सर आता निवृत्त आहेत, त्यांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “छत किती आहे ते मोजलंस का?”

मोजलं नव्हतं. त्यांच्याच टेबलावर मोजलं. १२ क्युबिटांच्या स्थितीला ८,१९० वास्तव चल. दोन क्युबिटांवरचं एक गेट फार तर ९ नवे चल आणतं (१५ असतात, पण ६ शेजारच्या गेटांत विरघळतात). म्हणजे सर्वसाधारण स्थितीला किमान ९०० च्या वर गेट हवेत. दुसऱ्या बाजूनं, १२ क्युबिटांची कुठलीही स्थिती साधारण ४,००० गेटांत बांधता येते. माझ्या २,००० थरांत ११,००० गेट. छत फोडून वर गेलो होतो, म्हणजे भाच्याला साठ वेळा फिरवून दाखवत होतो.

दुरुस्ती: २० थर (११० गेट) आणि १५० थर (८२५ गेट). दुसरी स्थिती अजून छताखाली राहते. ‘शंभर पट’ खोडलं.

चल मोजायची ही युक्ती माझी नाही. हाफरकाम्प आणि चार सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हाच धागा धरून सिद्ध केलं की यादृच्छिक सर्किटचा किचकटपणा खरोखरच सरळ रेषेत वाढतो, घातांकी मर्यादेपर्यंत. एक मेख आहे: त्यांचा किचकटपणा स्थिती तंतोतंत बांधण्याचा. जवळपास बांधली तरी चालेल असं म्हटलं की गणित जास्त अवघड होतं.

६ फेब्रुवारी

आज एक साधा प्रयोग. २० थर आणि १५० थर, दोन्हीवर मला सुचतील ती सगळी मापं: अर्ध्या भागाची गुंफण, एकेका क्युबिटची सरासरी, दोन-दोनचे संबंध, ४,०९६ शक्यतांचं वाटप. सगळं एकसारखं. कागद उलटसुलट केले तर कुठला कुठला ते मलाच सांगता येईना.

१५० वाली जास्त किचकट आहे हे मला माहीत आहे, कारण गेटांची पावती माझ्याकडे आहे. पावती नसेल तर?

९ फेब्रुवारी

आता आगीची भिंत (फायरवॉल). व्याख्यानात हा भाग दहा मिनिटांत बसवायचा आहे आणि तो दहा मिनिटांत बसत नाही.

२०१२ मध्ये अल्मैरी, मॅरॉल्फ, पोल्चिन्स्की आणि सली या चौघांनी पेच टाकला. अर्धं आटून झालेल्या कृष्णविवरातून आता एक कण निघतोय. पेजचा वक्र म्हणतो तो आधीच्या प्रारणाशी गुंफलेला हवा. आइन्स्टाइन म्हणतात क्षितिज ओलांडताना कुणाला काही जाणवू नये, आणि त्यासाठी तोच कण क्षितिजाच्या आतल्या जोडीदाराशी पूर्ण गुंफलेला हवा. पण एक क्युबिट दोन घरी पूर्णपणे नांदू शकत नाही, हा क्वांटमचा पक्का नियम. मग आतली गुंफण तुटते, आणि क्षितिजाच्या जागी आगीची भिंत उभी राहते.

२०१३ मध्ये हार्लो आणि हेडन यांनी उलट विचारलं: हा विरोध पकडणार कोण? त्यासाठी आधीचं सगळं प्रारण गोळा करून त्यातून नेमका तो जोडीदार क्युबिट उकलावा लागेल आणि मग तो घेऊन आत उडी मारावी लागेल. आटायला वेळ लागतो बिटांच्या संख्येच्या दीड घाताइतका. उकलायला, त्यांच्या युक्तिवादानुसार, दोनाच्या घाताइतका. कोष्टक केलं:

१२ बिट: ४२ विरुद्ध ४,०९६.
२० बिट: ८९ विरुद्ध १०,४८,५७६.
५० बिट: ३५४ विरुद्ध सुमारे ११ कोटी कोटी.

खरं कृष्णविवर: एका बाजूला ११५ शून्यांचा आकडा, दुसऱ्या बाजूला असा आकडा की त्यातल्या नुसत्या अंकांची संख्याच ३ वर ७६ शून्यं. उकलून होण्याच्या किती तरी आधी कृष्णविवर संपलेलं असेल. विरोध कागदावर आहे, पण तो कुणाच्याही अनुभवाला येणार नाही.

१० फेब्रुवारी

काल लिहिलेलं वाचलं. मनापासून पटतं का? पहिली प्रतिक्रिया अजून तीच: पळवाट. एखादा म्हणतो चोरी झाली, दुसरा म्हणतो चोर सापडणार नाही, म्हणून चोरी झालीच नाही.

पण दोन गोष्टी पारडं हलवतात. एक, संगणकशास्त्रज्ञ स्कॉट ॲरनसन यांनी ही उकल अवघड असण्याचा पाया आणखी भक्कम केला. ती सोपी असती तर एका दिशेनं सहज आणि उलट दिशेनं अशक्य अशी जी फलनं गुप्तलेखनाला लागतात, त्यांतला एक मोठा प्रकार क्वांटम संगणकाला फोडता आला असता. म्हणजे कृष्णविवराची कडी आणि कुलूपबंद संदेशांची कडी एकाच लोहाराची. दोन, विश्वातलं ‘शक्य’ म्हणजे काय हे ठरवताना किती पायऱ्या हा प्रश्न सोडून द्यायचा तर का सोडायचा? ऊर्जेची मर्यादा आपण मानतो, प्रकाशाच्या वेगाची मानतो.

विरुद्ध बाजूही लिहितो. ओपनहाइम आणि उनरुह यांनी २०१४ मध्ये म्हटलं, गणित आधी करून ठेवा, कृष्णविवर नंतर बनवा. मग आटण्याच्या वेळेची घाई राहतच नाही. ही फट मला अजून बुजलेली वाटत नाही. आणि बंगळुरूचे सुव्रत राजू आणि सहकारी मुळातच वेगळं म्हणतात: गुरुत्वाकर्षणात आतली माहिती बाहेर कायमच उपलब्ध असते. आत आणि बाहेर असे दोन स्वतंत्र डबे आहेत असं धरल्यामुळेच हा पेच पडतो. तसं असेल तर माझ्या १२ क्युबिटांना ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ असं वाटून घेण्यातच घोटाळा आहे. पोस्टरवर यासाठी एक चौकट ठेवली आहे.

१४ फेब्रुवारी

सरांकडे पुन्हा. त्यांचा आक्षेप असा: “जी राशी मोजता येत नाही ती भौतिक कशी? आणि तुझी गेटं बदलली तर पायऱ्यांचा आकडाही बदलतो.”

दुसऱ्याला अर्धं उत्तर आहे. गेटांचा संच बदलला तर आकडा एका मर्यादित पटीनं बदलतो, सरळ रेषा सरळच राहते. पण डाग पुरता जात नाही. २०२१ मध्ये मायर्स आणि इतरांनी दाखवलं की घनफळासारख्या वागणाऱ्या, काळाबरोबर सरळ वाढणाऱ्या राशी अवकाशाच्या भूमितीत अगणित आहेत. त्यातली कुठलीही किचकटपणाची जोडीदार असू शकते. त्या कल्पनेचं नाव त्यांनी ठेवलं ‘किचकटपणा म्हणजे काहीही’. सर मोठ्यानं हसले.

पहिला आक्षेप मात्र भारी आहे, आणि तो फक्त सरांचा नाही. बूलँड, फेफरमन आणि वझिरानी यांनी २०१९ मध्ये त्याला धार लावली. आतलं घनफळ ही तर ढोबळ गोष्ट, आत गेलेल्याला जाणवेल अशी. सीमेवर तिचीच जोडीदार मात्र अशी की २० थर आणि १५० थर यातला फरक कुठलाही कार्यक्षम प्रयोग सांगू शकत नाही (माझा ६ तारखेचा फजितीचा प्रयोग, फक्त त्यांनी तो नीट केला). मग आत आणि सीमा यांच्यातला शब्दकोश स्वतःच भयंकर किचकट असला पाहिजे. आहे, पण उघडायला विश्वाचं वय पुरत नाही असा कोश.

सर म्हणाले, “असा कोश असणं आणि नसणं यात फरक काय रे?” चहा गार झाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२१ फेब्रुवारी

पोस्टर छापायला दिलं. आलेख तीन, चौकट एक. दुकानदारानं ‘किचकटपणा’ हा शब्द मथळ्यात चुकीचा नाही ना, असं दोनदा विचारलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

झालं. प्रोजेक्टरनं चौथ्या स्लाइडला मान टाकली, उरलेलं सगळं फळ्यावर. एका अर्थी बरंच झालं: सपाट रेषा फळ्यावर खडूनं काढत, “इथे काहीच घडत नाहीये” असं म्हणत अख्ख्या फळ्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि मग त्याच्या खाली दुसरी, तिरकी रेषा काढली. स्लाइडवर ते जमलं नसतं.

३०० पृथ्व्यांच्या आकड्याला अपेक्षेप्रमाणे गलका. आगीच्या भिंतीला दहाची वीस मिनिटं लागली.

१ मार्च

भाचा काल पहिल्या बाकावर होता. आज फोनवर: “मामा, ते तीनशे पृथ्व्या. आत उडी मारली तर दिसतात का?”

हिशेब केला होता, पण व्याख्यानात घ्यायला विसरलो. सूर्याएवढ्या कृष्णविवरात क्षितिज ओलांडल्यापासून अंतापर्यंत जास्तीत जास्त १५ मायक्रोसेकंद मिळतात. कितीही धडपड केली तरी तेवढेच. तेवढ्यात प्रकाशही साडेचार किलोमीटरच जातो. त्यामुळे नाही, एकाही पृथ्वीएवढी जागा कुणी फिरून पाहू शकत नाही. आणि जे काही दिसेल ते परत येऊन सांगता येत नाही. (ससकिंड यांचं बूलँड वगैरेंना उत्तर साधारण याच अंगानं जातं: क्षितिज त्या किचकट राशीला बाहेरच्यांपासून झाकतं.)

हे त्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प. मग: “म्हणजे जागा आहे, पण कुणाला दाखवता येत नाही. आणि तुझी ती दीडशेवाली पण जास्त किचकट आहे, पण कुणाला दाखवता येत नाही.”

“हो.”

“मग तुझ्याकडे त्याची पावती आहे. कृष्णविवराची पावती कोणाकडे असते?”

पोस्टरच्या दुसऱ्या प्रतीत तिसऱ्या आलेखाखालची ओळ काढून तिथे हा प्रश्न घालायचा आहे. दुकान सोमवारी उघडतं.